कोपरामागची नस

विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती आली की पोरं खूश होतात. काढायला सोपी आणि गुण हमखास. एका टोकाला पेशीकाय, त्याला फुटलेल्या वृक्षिका, मग लांबच लांब अक्षतंतू, त्यावर मायलिनचं आवरण आणि शेवटी पुन्हा फांद्या. नावं दिली, बाण मारले, झालं. त्या नावांतलं एक नाव मात्र दरवर्षी अर्ध्या वर्गाच्या वहीत गायब असतं: श्वान पेशी. (कुत्र्याशी काही संबंध नाही. थिओडोर श्वान नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते, त्यांचं नाव.) आकृतीत ती मायलिनच्या कडेला चिकटलेल्या एका ठिपक्यावरून ओळखायची असते, त्यामुळे ती विसरली जाते यात नवल नाही.

मी वरोरा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. कपाशी, तूर, सोयाबीन आणि कोळशाच्या खाणी असा आमचा मुलूख. इथं चेतासंस्था शिकवायची तर त्या विसरलेल्या ठिपक्यापासूनच सुरुवात केली पाहिजे, असं माझं मत आहे. आमच्या भागातल्या कित्येक घरांचा कुष्ठरोगाचा इतिहास त्या ठिपक्यात घडला आहे. आमच्याही घरचा.

उजव्या हाताचं कोपर वाकवा. आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो त्याच्या मागच्या खाचेत डाव्या हाताचं बोट फिरवा. एक गोल, थोडी सरकणारी दोरी हाताला लागेल. जरा जोरात दाबली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. दारावर कोपर आपटलं की जीव कळवळतो तो हिच्यामुळेच. ही अल्नार नस. हिच्यात हजारो अक्षतंतू शेजारी शेजारी धावतात. काही करंगळीचा आणि अर्ध्या अनामिकेचा स्पर्श वर पोचवतात, काही हाताच्या पंजातल्या बारक्या स्नायूंना हुकूम देतात. या तंतूंचे पेशीकाय मानेच्या भागात, मज्जारज्जूत किंवा त्याला लागून आहेत. म्हणजे मानेजवळची एक पेशी हाताच्या टोकापर्यंत पोचलेली असते. पायाचा हिशोब याहून दांडगा: कंबरेजवळच्या पेशीचा तंतू अंगठ्यापर्यंत जातो, जवळपास एक मीटर. पेशी स्वतः डोळ्याला दिसत नाही, आणि शेपूट मीटरभर!

एवढ्या लांबच्या टोकाला लागणारी प्रथिनं बनतात मुख्यतः पेशीकायात. ती तंतूच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांवरून वाहून न्यावी लागतात. यातली वेगवान वाहतूक दिवसाला साधारण ४०० मिलिमीटर. म्हणजे कंबरेतून निघालेला माल अंगठ्याला पोचायला अडीच दिवस. संथ वाहतूक तर दिवसाला काही मिलिमीटरच, तिला महिने लागतात. हे वाचलं तेव्हापासून मला एक प्रश्न छळायचा. रस्त्यात मध्येच काही कमी पडलं तर त्या तंतूनं कुणाकडे मागायचं?

मागायचं शेजाऱ्याकडे. श्वान पेशी तंतूला चिकटून बसतात, आणि त्याला ऊर्जा पुरवण्यात त्यांचा वाटा असतो. जाड तंतूभोवती एकेक श्वान पेशी स्वतःचं पातळ पटल घेऊन गोल गोल गुंडाळत जाते, कधी कधी कितीतरी डझन वेढे. पेशीरस पिळून बाहेर सरकतो आणि मागे मेदाचे थर उरतात, तेच मायलिन. एक पेशी फार तर मिलिमीटरभर तुकडा झाकते, मग बारीकशी फट, मग पुढची पेशी. ज्वारीचा धांडा सोलून चोखलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: कांडं, पेर, कांडं, पेर. या उघड्या पेरांना रान्व्हिएच्या गाठी म्हणतात. सोडियमचे कण आत घुसून विजेचा जो झटका तयार होतो तो प्रामुख्यानं या गाठींवर. मधली कांडी ओलांडून संदेश एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर जातो, म्हणून तो वेगवान. सर्वांत जाड, मायलिनवाल्या तंतूंत सेकंदाला १०० मीटरच्या पुढे. मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत सेकंदाला जेमतेम एक मीटर.

अनवाणी चालताना दगडाला ठेच लागते तेव्हा हा फरक अंगानं कळतो. आधी नुसतं समजतं की लागलं. मग, एखादा क्षण थांबून, खरी कळ येते आणि तोंडातून शिवी निघते. समजणं जाड तंतूंतून आलं, कळ बारीक तंतूंतून. बारीक तंतूंना मायलिन नसलं तरी ते मोकळे नसतात. एकेका श्वान पेशीच्या अंगावरच्या खाचांमध्ये असे अनेक तंतू पडलेले असतात. आपल्या हातापायांच्या नसांत श्वान पेशीच्या सोबतीशिवाय धावणारा तंतू जवळजवळ नाहीच.

शास्त्रज्ञांनीही या सोबत्यांना फार दिवस गणतीत धरलं नव्हतं. १८५६ साली रुडॉल्फ व्हिर्शोनं मेंदूतल्या चेतापेशींच्या मधल्या भागाला ग्लिया म्हटलं, पण त्याच्या लेखी तो नुसता सांधणारा भराव होता. १८७३ मध्ये इटलीत कामिल्लो गोल्जीनं एका छोट्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात चांदीच्या क्षाराची रंगवण्याची पद्धत शोधली. तिची गंमत अशी की ती हजारांतल्या मोजक्याच पेशी काळ्या करते, पण करते त्या पूर्ण, शेवटच्या फांदीपर्यंत. तीच पद्धत सुधारून स्पेनच्या रामोन इ काहालनं दाखवलं की चेतापेशी सुट्या सुट्या असतात. गोल्जीला वाटायचं सगळं एकच सलग जाळं आहे. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, आणि गोल्जीनं स्वीकाराच्या भाषणातच काहालचा सिद्धांत खोडायला घेतला. शास्त्रज्ञ झाले म्हणून भाऊबंदकी सुटत नाही.

त्याच १८७३ साली नॉर्वेत गेऱ्हार्ड हान्सेनला महारोग्यांच्या गाठींमध्ये काडीसारखे जंतू दिसले. एका देशात चेतापेशी पहिल्यांदा अखंड दिसली, दुसऱ्या देशात तिच्या सोबत्याचा शत्रू दिसला. दोघांचा एकमेकांशी संबंध आहे हे दोघांनाही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीत राहतो. त्याच्या कवचावरचा एक मेदाळ रेणू श्वान पेशीभोवतीच्या लॅमिनिन नावाच्या प्रथिनाला धरतो आणि तिथून आत शिरकाव होतो. आत गेल्यावर घाई नाही. इतर कित्येक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर कुणाला वाढवता आलेला नाही. त्याला थोडी थंड जागा लागते, म्हणून शरीराच्या आतल्या उबेपेक्षा कातडीजवळच्या नसा त्याच्या आवडीच्या: कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्यामागची, कानाखालची. लागण झाल्यापासून खूण दिसेपर्यंत पाच वर्षं जाऊ शकतात, कधी वीससुद्धा. २०१३ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हा जंतू श्वान पेशीला तिचं काम विसरायला लावून पुन्हा कोवळ्या, मूळपेशीसारख्या अवस्थेत नेऊ शकतो. एवढा सावकाश आणि एवढा वस्ताद.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आयुष्यभर पऱ्हाटीत राबले. एका दिवाळीनंतरच्या वेचणीत मोठ्या आईला त्यांच्या ओटीतल्या कापसावर लाल ठिपके दिसले. फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, वेचताना बोटं ओरखडतातच. पण ओरखडा लागला की माणूस हात झटकतो, तोंडात घालतो. मोठेबाबा वेचतच होते. करंगळीची बाजू रक्तानं माखलेली आणि यांना पत्ता नाही. दंडावर एक फिकट चट्टा बरेच दिवस होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणाला दाखवला नव्हता.

"मले काई दुखत नाई, मंग कायची बिमारी?" असं ते आशाताईला म्हणाले होते. ती घरोघरी चट्टे बघत फिरत होती, तेव्हा सदरा काढायला तयार नव्हते. त्यांचं तर्कशास्त्र चुकीचं म्हणता येत नाही. गावात दवाखान्यात जायचं ते दुखलं तर. इथं दुखणं वर पोचवणारे तंतूच आधी निकामी होतात. ऊन-गार आणि टोचणं आधी जातं. ज्या रोगाची पहिली खूण काहीच न होणं ही आहे, त्याच्याविरुद्ध माणसाची रोजची अक्कल काय करणार?

पुढं तालुक्याचा कुष्ठरोग तंत्रज्ञ आला. गावात त्याला सगळे महारोगवाले साहेब म्हणत, त्यानं कधी तक्रार केली नाही. त्यानं मोठेबाबांना डोळे मिटायला लावले, बॉलपेनाच्या टोकानं ठिकठिकाणी हलकेच स्पर्श केला आणि जिथं लागेल तिथं बोट ठेवायला सांगितलं. तळहाताच्या करंगळीकडच्या भागात बोट आलंच नाही. मग दोन्ही कोपरांमागं एकाच वेळी बोटं फिरवली. मलाही लावून दाखवलं. डावीकडची नस बारीक सुतळीएवढी होती. उजवीकडची जाड, टणक, आणि दाबल्यावर मोठेबाबांनी पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं. मग त्यानं करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये कागद धरायला दिला आणि ओढला. कागद अलगद निघून आला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खोलगट झाला होता. आजपर्यंत आम्हाला वाटत होतं, वय झालं.

गोळ्यांचं पाकीट सुरू झालं. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन हे तीन औषधांचं मिश्रण जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ पासून सुचवलं. त्याआधी एकट्या डॅप्सोनवर लोक वर्षानुवर्षं काढत. औषध सुरू झालं की रोगी लवकरच इतरांना लागण देण्याच्या पलीकडे जातो. मोठेबाबांचं अंग क्लोफॅझिमिननं काळवंडलं, लघवी रिफॅम्पिसिननं लाल झाली. दोन्ही गोष्टी अपेक्षित होत्या, साहेबांनी आधीच सांगितल्या होत्या. न सांगितलेली गोष्ट महिन्यांनी झाली. एका रात्री कोपर ठणकायला लागलं, हात सुजला आणि दोन दिवसांत करंगळी अधिकच वाकली. शेजारपाजारच्यांनी निदान केलं: गोळ्या बाधल्या. पाकीट उकिरड्यावर.

खरं कारण गोळ्यांत नव्हतं. जंतू आत असतात तोवर शरीराला ते पुरते दिसत नाहीत. एखाद्या वेळी रोगप्रतिकार यंत्रणेला ते एकदम दिसतात आणि ती श्वान पेशींसकट त्यांच्यावर तुटून पडते. याला रिॲक्शन म्हणतात. नस सुजते, कोपरामागच्या अरुंद खाचेत तिला फुगायला जागा नसते, आणि आतले तंतू चेपले जातात. कुष्ठरोगातलं बरंचसं अपंगत्व या लढाईतून येतं. तेव्हा गोळ्या थांबवायच्या नसतात. जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतं, आणि तेही लवकर. मोठेबाबांना ते मिळालं, पण थोडं उशिरा. तळहातावरची काही जागा परत जिवंत झाली, करंगळी वाकडी राहिली.

कुष्ठरोगात बोटं झडतात हा समज अजून घट्ट आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकानं १९४० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. ती भाजतात, चिरतात, खडा घुसून सडतात, कारण मालकाला कळत नाही. घाम आणणारे तंतूही मेलेले असतात, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते. ब्रँडनी चांगल्या स्नायूचा कंडरा फिरवून वाकड्या बोटांना जोडायच्या शस्त्रक्रियाही बसवल्या. पण बहुतेकांच्या वाट्याला रोजचं काम येतं: हातपाय पाण्यात भिजवायचे, खरखरीत दगडानं घासायचे, तेल लावायचं आणि रात्री डोळ्यांनी तपासायचे. स्पर्शाचं काम डोळ्यांना शिकवायचं.

मोठेबाबांच्या हातात संदेश निघतच नव्हता. याच्या नेमकी उलटी गोष्ट आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात दिसली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. कपाशीवर तेव्हा मारल्या जाणाऱ्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची कीटकनाशकं होती, मोनोक्रोटोफॉस त्यातलंच. चेतातंतू स्नायूपाशी पोचतो तिथं दोघांमध्ये फट असते. तंतू त्या फटीत ॲसिटिलकोलिन सोडतो, स्नायू आकसतो, आणि एक विकर ते रसायन लगेच तोडून टाकतं. हे विष त्या विकरालाच बांधून टाकतं. मग संदेश थांबतच नाही: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू, शेवटी श्वासाचे स्नायू थकून ढेपाळतात. ॲट्रोपिननं लाळ आणि छातीतलं पाणी आवरतं, पण थकलेल्या स्नायूंवर ते चालत नाही. म्हणून कृत्रिम श्वासाचं यंत्र लागतं, आणि ते तालुक्याला असेलच असं नाही. पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या पऱ्हाटीत वाऱ्याच्या तोंडाला फवारणाऱ्या मजुराला मास्क घाल म्हणणं सोपं आहे. ऑक्टोबरच्या उन्हात ज्यानं तो घालून बघितला त्यानंच ते म्हणावं.

मेंदूतल्या सोबत्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं माझं वाचन पुस्तकी आहे. तिथं श्वान पेशी नाहीत. मायलिनचं काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात, आणि एक पेशी अनेक तंतूंना पुरते. ॲस्ट्रोसाइट सांडलेलं ग्लुटामेट (संदेशाचं एक रसायन) आणि पोटॅशियम उचलतात. मायक्रोग्लिया राखण करतात. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची नीट ओळख पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ ते १९२१ च्या दरम्यान पटवली. मेंदूत चेतापेशींच्या दहापट ग्लिया, म्हणजे या सोबती पेशी, असतात असं अजून कित्येक गाइडांत छापलेलं असतं. २००९ साली ब्राझीलच्या गटानं मोजलं तेव्हा चेतापेशी ८६ अब्जांच्या घरात आणि बाकीच्या पेशी जवळपास तेवढ्याच निघाल्या.

पण मला सर्वांत आवडणारा प्रयोग वेगळा आहे. हाताची नस तुटली तर तिचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुन्हा वाढू शकतात. मज्जारज्जू तुटला तर नाही. सगळ्यांना वाटायचं की मेंदू-मज्जारज्जूतल्या चेतापेशींतच वाढायची धमक नाही. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला डेव्हिड आणि आग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला. त्या तुकड्यात श्वान पेशी होत्या. ज्या तंतूंना वाढता येत नाही म्हणत, ते त्या तुकड्यातून सेंटिमीटरच्या हिशोबात वाढले. पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरले आणि थांबले. धमक होती, सोबत नव्हती. नस तुटल्यावर श्वान पेशी मायलिन सोडून देतात, कचरा साफ करायला लागतात, रांगेत उभ्या राहून वाट आखतात. जंतूच्या नादी लागून काम विसरणारी पेशी ती हीच. अवस्था बदलण्याची तिची जी ताकद नसेला वाचवते, तीच जंतूनं वापरून घेतली.

वर्धा-चंद्रपूर-अमरावती या पट्ट्यात या रोगाशी माणसं फार आधीपासून भिडली आहेत. मनोहर दिवाण दत्तपूरला १९३६ पासून, शिवाजीराव पटवर्धन अमरावतीच्या तपोवनात, बाबा आमटे आनंदवनात. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हातानं धूत. हे सगळं माहीत असलेल्या आमच्या गावात मोठेबाबांच्या धाकट्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. कायदाही काही फार पुढं नव्हता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ साली काढलं. शंभरातल्या ९५ जणांना या जंतूचं काही होत नाही, हे मी मांडवात सांगून पाहिलं. मांडवात टक्केवारी चालत नाही.

तिचं लग्न पुढं चांगल्या घरी झालं. मुलाकडच्यांना सगळं आधी सांगून. लग्नाआधी मोठेबाबांचा आणि माझा वाद झाला तो चपलेवरून. त्यांच्या तळपायालाही बधिरपणा आहे, म्हणून सरकारी दवाखान्यातून मऊ काळ्या रबराच्या चपला मिळतात, एमसीआरच्या. त्या कातडीला जपतात, पण लांबून ओळखू येतात.

"हे घालून मांडवात गेलो तं लोक चप्पलच पायतीन, नवरदेव कोनी नाई पायनार."

"अनवानी फिरसान तं खिळा घुसन, मोठेबाबा, आन् तुमाले कळनार बी नाई."

शेवटी वरोऱ्याच्या बाजारात चपला शिवणाऱ्या एकाला पकडलं. त्यानं साध्या कातडी जोड्याच्या आत तेच रबर कापून बसवलं, खिळा न मारता, नुसतं चिकटवून आणि कडेनं शिवून. पैसे घ्यायला का-कू करत होता. लग्नात मोठेबाबा तो जोडा घालून मिरवले, पंगतीत भाताची बादली घेऊन वाढायलाही लागले. बादलीच्या कडीला जाड फडकं गुंडाळलेलं होतं. व्याह्यांच्या बाजूच्या कुणीतरी विचारलं, "काऊन बापा, एवढं कायचं फडकं?"

"मले चटका लागत नाई ना, म्हनून," ते म्हणाले, आणि पुढच्या पानावर भात वाढला.